दुसरी पायरी

मावशींचा फोन सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला. तेव्हा सर दाढी करत होते आणि बाई त्यांच्या मागे उभ्या राहून, आरशात दिसणारा हा गृहस्थ कोण असावा, याचा विचार करत होत्या.

"साहेब, आज काही जमायचं नाही मला," मावशी म्हणाल्या. "जावई जिन्यावरून पडला."

"अरेरे! फार लागलं का?"

"त्याला कुठलं लागायला! तो माझ्या लेकीच्या अंगावर पडला. तिचा हात मोडलाय."

अर्ध्या गालाला साबण लावलेला माणूस फार वेळ सहानुभूती दाखवू शकत नाही. सर "काळजी घ्या" म्हणाले आणि फोन ठेवून तसेच उभे राहिले. बाईंना दिवसभर सांभाळायला मावशी येत. शेजारच्या काकू गावाला गेलेल्या. मुलगी दुसऱ्या शहरात. तिला फोन केला असता तर ती "बाबा, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं" या वाक्यानं सुरुवात करून त्याच वाक्यानं शेवट करणार, हे ठरलेलं. आणि घरी राहावं, तर नेमका आजचाच दिवस असा होता की सरांना प्रयोगशाळेत जाणं भाग होतं.

"अहो," बाई म्हणाल्या, "तुमचा एक गाल राहिलाय."

या 'अहो'नं सरांना गेलं वर्षभर छळलं होतं. आपल्या भाषेत बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि बसथांब्यावरच्या परक्या माणसालाही 'अहो'च म्हणते. त्यामुळे बाईंनी हाक मारली की ती नवऱ्याला मारली की परक्याला, हे कळायला काही मार्ग नव्हता. बाई लग्नाआधी सरांना दोन वर्षं वरिष्ठ होत्या, एकाच प्रयोगशाळेत. लग्न झाल्यावर सर त्यांना 'तू' म्हणायला लागले, ते थेट गेल्या वर्षापर्यंत. मग एक दिवस बाई म्हणाल्या, "ओळख ना पाळख, आणि अरेतुरे काय करता?" तेव्हापासून सर घरात 'तुम्ही' म्हणत. ऐकणाऱ्याला वाटावं, जुन्या वळणाचं सुशील जोडपं आहे.

बाईंची स्मृती चार वर्षांपासून जात चालली होती. आधी नावं गेली, मग रस्ते, मग ज्या संस्थेत त्यांनी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं ती संस्था, आणि मग सर.

सरांनी दुसरा गाल उरकला आणि बाईंना विचारलं, "आज माझ्याबरोबर येता का? माझ्या कामाच्या ठिकाणी?"

"काय काम करता तुम्ही?"

"इलेक्ट्रॉन विरघळवतो."

"बरं," बाई म्हणाल्या. "प्रामाणिकपणानं केलं की कुठलंही काम चांगलंच."

काम खरंच तेच होतं. अमोनिया खूप थंड केला की त्याचा पाण्यासारखा द्रव होतो. त्यात सोडियमचा तुकडा टाकला की सोडियम आपला इलेक्ट्रॉन सोडून देतो आणि तो इलेक्ट्रॉन मीठ विरघळावं तसा त्या द्रवात विरघळतो. द्रव गर्द निळा होतो. त्या निळ्यावर लेसरचा एक अतिसूक्ष्म झोत मारायचा. इलेक्ट्रॉन दचकून वर उडी मारतो आणि पुन्हा खाली आपल्या जागी येऊन बसतो. तो कसा खाली येतो हे टिपायला, पहिल्या झोताच्या पाठोपाठ दुसरा झोत पाठवायचा. सगळा खेळ पिकोसेकंदांचा. एका सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे एक पिकोसेकंद.

पस्तीस वर्षांपूर्वी, त्या काळच्या संथ लेसरवर, बाईंनी हेच मोजलं होतं. इलेक्ट्रॉन एका दमात खाली येतो, मध्ये कुठे थांबत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जगभर तो मानला गेला. आणि आता सरांना नव्या लेसरवर, गेली दोन वर्षं, दर वेळी, दुसरी पायरी दिसत होती. इलेक्ट्रॉन अर्धा उतरतो, नऊ पिकोसेकंद दम खातो आणि मग उरलेला उतरतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना सरांच्या हाती आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध लागला होता, आणि तो बायकोला खोटं पाडत होता.

लेखात एक वाक्य होतं. ते सरांनी अकरा वेळा लिहिलं होतं. आधी 'संदर्भ क्रमांक सातमधील निष्कर्ष चुकीचा आहे' असं लिहिलं, मग 'अपुरा आहे', मग 'त्या काळच्या मर्यादा लक्षात घेता समजण्याजोगा आहे' असं लिहून पाहिलं. ते तर शोकसभेतल्या भाषणासारखं वाटायला लागलं. शेवटी 'आता ग्राह्य धरता येणार नाही' इथे ते थांबले. संदर्भ क्रमांक सात म्हणजे बाई. एकदा संध्याकाळी त्यांनी सगळा लेख बाईंना वाचून दाखवला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "छान आहे. कुणाचं आहे?"

नियतकालिकाच्या परीक्षकानं एकच मागणी केली होती: द्रव जरा पातळ करून एकदा मोजा आणि पाठवा. दोनदा मुदत वाढवून घेतलेली. तिसऱ्या मुदतीचा आज शेवटचा दिवस.

संस्थेच्या फाटकावरचा रखवालदार नवा होता. त्यानं पाहुण्यांची वही पुढे ओढली.

"यांचं तुमच्याशी नातं?"

"पत्नी," सर म्हणाले.

रखवालदाराला नेमून दिलेलं काम नीट करायची सवय होती. त्यानं बाईंकडे पाहिलं. "आजी, हे तुमचे कोण?"

बाईंनी सरांकडे नीट निरखून पाहिलं. "हे ना? सकाळपासून माझ्याबरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "माणूस चांगला वाटतो."

रखवालदारानं थोडा विचार केला आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं: 'ओळखीचे'.

प्रयोगशाळेच्या दाराशी मिस्त्री उभे होते. तिथली यंत्रं, पंप, नळ्या सगळं तेच बघत. वीस वर्षांचे असताना ते इथे लागले तेव्हा बाईंनी त्यांना काचसामान धुवायला शिकवलं होतं. एकच चंचुपात्र सात वेळा धुवायला लावलं होतं. बाईंना पाहताच त्यांनी हातातली चहाची किटली पाठीमागे लपवली. प्रयोगशाळेत चहा आणायचा नाही, हा बाईंचा नियम होता आणि तो मोडून मिस्त्रींना नऊ वर्षं झाली होती.

"नमस्कार, बाई."

"नमस्कार. पाठीमागे काय आहे?"

"काही नाही, बाई."

"वाफ येतेय त्या काही नाहीतून," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मिस्त्री सरांच्या कानाशी लागले. "साहेब, ओळखलं की त्यांनी मला!"

"चहा ओळखला," सर म्हणाले.

आतल्या कचेरीत सरांची संशोधक विद्यार्थिनी बसली होती. सगळे तिला शंका म्हणत, कारण तिचं दर तिसरं वाक्य "सर, एक शंका आहे" असं सुरू व्हायचं. मागच्याच महिन्यात तिनं "ही दुसरी पायरी नेहमी बरोब्बर नऊलाच का येते, द्रव गरम केला तरी नऊ, थंड केला तरी नऊ?" असं विचारलं होतं आणि सर म्हणाले होते की निसर्ग तुझ्या सोयीनं चालत नाही. त्यानंतर ती शंका लिहून ठेवायला लागली होती.

"यांच्याजवळ बस," सरांनी तिला सांगितलं. "आम्ही मागच्या खोलीतून थंड अमोनियाची बाटली भरून आणतो. अर्धा तास. यांना काहीतरी वाचायला दे."

शंकाला हाताशी लेखाचाच कच्चा खर्डा सापडला. तोच तिनं दिला. बाईंनी टेबलावरचं लाल पेन आपणहून उचललं.

तेवढ्यात फोन वाजला. फाटकावरून होता. नात्याच्या रकान्यात 'ओळखीचे' चालत नाही, असं रखवालदाराला वरून सांगण्यात आलं होतं. कुणीतरी येऊन दुरुस्ती करून सही करावी, नाहीतर आजींना बाहेर सोडता येणार नाही. शंकानं बाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे वाचत होत्या, मधूनच पेन टेकवत होत्या. पाच मिनिटांचं काम, असं म्हणून ती गेली. रखवालदारानं खाडाखोड चालत नाही म्हणून नवं पान काढलं, नव्या पानावर वरिष्ठांची सही लागते म्हणाला, आणि वरिष्ठ नाश्त्याला गेले होते.

सर आणि मिस्त्री बाटली भरून परतले तेव्हा कचेरी रिकामी होती आणि लेसरच्या खोलीचं दार उघडं होतं.

त्या खोलीत हवेवर तरंगणारं एक मोठं पोलादी टेबल होतं. बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्याला हादरा बसू नये अशी व्यवस्था. त्यावर छोटे-छोटे आरसे आणि भिंगं. प्रकाश एका आरशावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा फिरत-फिरत शेवटी त्या निळ्या द्रवात जाऊन पडायचा. एक आरसा केसाएवढा हलला तर सगळा डाव संपला. या आरशांसमोर शंकाला शिंकायचीही परवानगी नव्हती. आणि बाई डोळ्यांवर सुरक्षेचा मोठा नारिंगी चष्मा चढवून, एका आरशावर तोंडानं 'हाऽ' करून वाफ सोडत होत्या आणि रुमालानं पुसत होत्या. नशीब, लेसरचं झाकण बंद होतं.

"किती धूळ होती," त्या म्हणाल्या. "आणि सगळे वाकडेतिकडे ठेवलेले. कुणाचं कुणाकडे तोंड नाही."

आता मात्र सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती. अकरा आरसे शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे ओळीनं, समान अंतरावर, भिंतीकडे बघत उभे होते. स्क्रू त्यांनी एका वाटीत काढून ठेवले होते, आकाराप्रमाणे लावून.

"काय केलंस हे!" सर ओरडले. "काय करून ठेवलंस तू हे!"

पस्तीस वर्षांच्या संसारात सर बाईंवर ओरडले नव्हते. मिस्त्रींनी तर सरांचा हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. हातातली बाटली सांडू नये म्हणून ते भिंतीला टेकले.

बाईंनी चष्मा काढला. रुमालाची घडी केली. घडी कोपऱ्याला कोपरा लावूनच झाली.

"अरेतुरे करू नका," त्या म्हणाल्या. "मी कामाला नवीन आहे. पहिला दिवस आहे माझा. काय पुसायचं, काय नाही, ते कुणी सांगितलं नाही मला. मला वाटलं, नीट केलं की तुम्हाला बरं वाटेल."

सरांनी स्क्रूंची वाटी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"उद्यापासून येणार नाही मी," असं म्हणून बाई कचेरीत जाऊन बसल्या. पर्स त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

मिस्त्री बाटली ठेवून त्यांच्यामागे गेले. "बाई, तुमचं काही चुकलं नाही. टेबल घाणच झालं होतं. मीच पुसलं नव्हतं."

"बघा," बाई डोळे टिपत म्हणाल्या, "यांना कळतं."

शंका धावत आली तोवर सर खुर्चीत बसून खर्डा चाळत होते. वाचत नव्हते, नुसते पानं उलटत होते. बाईंनी बऱ्याच ठिकाणी लाल खुणा केल्या होत्या. बहुतेक निरर्थक होत्या. एका पानावर नुसतीच फुलं काढली होती. पण 'आता ग्राह्य धरता येणार नाही' या वाक्याखाली रेघ ओढून समासात एक शब्द लिहिला होता, त्याच जुन्या टोकदार अक्षरात. हजारो विद्यार्थ्यांच्या वह्यांत लिहिलेला: 'पुरावा?'

शंकानं तो पाहिला आणि सरांनी तिला पाहताना पाहिलं.

"उठा," सर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत लावून टाकू सगळं."

मग तिघं जी कामाला लागली ती दुपारचं जेवणही विसरली. वाफ आणि रुमाल लागलेल्या आरशांपैकी चार ओरखडले होते. मिस्त्रींनी कपाटातून नवे काढले. एक आरसा जागेवर आला की मागचा सरकायचा. मागचा लावला की भिंग तिरकं असल्याचं कळायचं. सरांची पाठ धरली. शंका टेबलाखाली शिरली आणि बाहेर येताना तिचं डोकं टेबलाला आपटलं, तेव्हा तिनं डोक्याला नव्हे, आधी टेबलाला हात लावून पाहिला. मध्येच भांड्यातला अमोनिया तापायला लागला, निळा रंग फिका होत-होत पाण्यासारखा झाला. तो ओतून, भांडं धुवून, पुन्हा नवा करावा लागला.

"किती वेळा धुतलं?" कचेरीतून बाईंचा आवाज आला.

"सात वेळा, बाई!" मिस्त्री ओरडले. तीन वेळाच धुतलं होतं. मग ते गपचूप आत गेले आणि आणखी चार वेळा धुवून आले.

दोन वाजता लक्षात आलं की एक काच कमी आहे. बोटाएवढी साधी काचेची पट्टी. बराचसा प्रकाश सरळ पुढे जाऊ द्यायचा आणि थोडासा बाजूला वळवायचा, एवढंच तिचं काम. त्या वळवलेल्या प्रकाशाचाच दुसरा झोत व्हायचा. टेबलावर शोधली, टेबलाखाली शोधली, स्क्रूंच्या वाटीत शोधली.

"बाईंना विचारू का?" शंकानं विचारलं.

"नको," सर म्हणाले. "आता काहीही विचारू नका त्यांना."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "साहेब, तशीही ती काच तात्पुरतीच होती. खरी काच दोन वर्षांपूर्वी तडकली, तेव्हा मी साधी लावली होती. नवी मागवली होती, ती येऊन पडलीय कपाटात."

"कधी आली?"

"दोन वर्षं होतील."

सरांना ओरडायची आजची शक्ती सकाळीच संपली होती. त्यांनी फक्त हात पुढे केला. मिस्त्रींनी खोका फोडला. नवी काच एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ, पाचरीसारखी होती. ती बसवली.

साडेतीनला पहिला झोत द्रवात पडला. पावणेचारला दुसरा. चार वाजता शंकानं मापन सुरू केलं आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटायला लागली. ती वर चढली, माथ्यावर पोचली, आणि गुळगुळीत वळण घेत खाली उतरून जमिनीला लागली. मध्ये कुठेही थांबली नाही.

"पायरी कुठाय?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"नीट लागलं नसेल. पुन्हा घे."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. सरांनी सगळे आरसे स्वतः तपासले, झोत मोजले, भांड्याचं तापमान पाहिलं. तिसऱ्यांदा घेतलं. रेघ इतकी स्वच्छ आली की गेल्या दोन वर्षांत तशी आली नव्हती. फक्त दुसरी पायरी नव्हती.

"तो रुमाल," सर म्हणाले. "रुमालानं काहीतरी केलंय. आरशांवर थर बसला असणार."

"सर," शंका म्हणाली, आणि थांबली.

"बोल."

"थर बसला असता तर रेघ खराब आली असती ना? ही तर चांगली आलीय."

सर उठून कचेरीत गेले. त्यांना पाणी हवं होतं. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या आणि मिस्त्रींनी दिलेल्या बिस्किटाचे अगदी सारखे चार तुकडे करत होत्या. सर आलेले पाहून त्यांनी पर्स उघडली.

"मी जाताना हे देऊन जाते," त्या म्हणाल्या. "नाहीतर म्हणाल, घेऊन गेली."

रुमालात गुंडाळलेली काचेची पट्टी होती ती.

"ही का काढून घेतलीत?" सरांनी विचारलं. आवाज होता होईल तेवढा मऊ ठेवून.

"खोटी आहे ती."

"खोटी म्हणजे?"

बाईंनी पट्टी तिरकी धरली, खिडकीजवळच्या यंत्रावरच्या बारीकशा लाल दिव्याकडे. "बघा की. दिवा एक आणि दिसतात दोन. एक पुढे, त्याच्या मागे एक. अशी काच मध्ये ठेवली की माणसाला सगळंच दोनदा दिसायचं."

सरांनी पाहिलं. काचेत लाल दिव्याचे दोन ठिपके होते. एक पुढच्या पृष्ठभागावरून परतलेला. दुसरा काचेत शिरून, मागच्या पृष्ठभागावर आपटून, थोडा उशिरा परतलेला.

शंका दारात येऊन उभी होती. तिनं पट्टीची जाडी मोजायला हात पुढे केला, मग तळहातावर पेनानं आकडेमोड केली. काच एक मिलिमीटर जाड. जायचं, यायचं, तिरकं. तिनं हात सरांपुढे धरला. तळहातावर नऊच्या आसपासचा आकडा होता.

दोन वर्षं सरांचा दुसरा झोत एकटा जात नव्हता. त्याच्या मागून नऊ पिकोसेकंदांनी त्याचं जुळं भावंड जात होतं. नव्या पाचरीच्या काचेनं ते भावंड भलत्याच दिशेला वळवून टाकलं होतं. इलेक्ट्रॉन कुठेही दम खात नव्हता. तो पहिल्यापासून एका दमातच खाली येत होता. सर त्याला दोनदा पाहत होते.

खात्री करण्यासाठी मिस्त्रींनी पाचरीची काच काढून जुनी पट्टी पुन्हा बसवली. पायरी परत आली, बरोब्बर नऊला. पट्टी काढून पाचर लावली, पायरी गेली. सरांनी हे चार वेळा करायला लावलं. चौथ्या वेळी मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. मी लावली ती काच."

"काच तुम्ही लावलीत," सर म्हणाले. "दोन वर्षं तिच्याकडे बघत मी बसलो होतो."

मग ते कचेरीत येऊन संगणकापुढे बसले. शंका आणि मिस्त्री आतल्या खोलीत उगाचच आवराआवर करत राहिले. सरांनी संपादकांना पत्र लिहायला घेतलं. आपण पाठवलेला लेख मागे घेत आहोत, असं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य सुचायला वेळ लागत होता.

बाईंनी आपली खुर्ची जवळ ओढली. सकाळचं रागावणं त्या केव्हाच विसरल्या होत्या.

"काय लिहिताय?"

"माझं चुकलं, असं लिहितोय."

"कुणाला?"

"एक बाई आहेत. फार हुशार. मी त्यांना खोटं पाडायला निघालो होतो. त्यांचंच बरोबर निघालं."

"मग हे पत्र त्यांना आहे का?"

"नाही. दुसऱ्यांना आहे."

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "चुकलात त्यांच्याशी आणि सांगताय दुसऱ्यांना! समोर जाऊन सांगावं माणसानं."

सरांनी संगणकाकडे पाठ केली. खुर्ची वळवून ते बाईंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसले.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं."

बाईंनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर विजेचं बटण. त्या पुन्हा वळल्या. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कुणीतरी उत्तर दिल्याशिवाय हा काही उठायचा नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं.

"असू द्या," त्या त्याच्या हातावर थोपटत म्हणाल्या. "त्यांचा राग नसेल तुमच्यावर."

"नसेल?"

"नाही." बाई जरा पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू का? कुणाला बोलू नका. त्या बाईंनाही खात्री नव्हती हो तेव्हा."

सरांनी मान वर केली.

"तीनदा मोजलं त्यांनी. तिन्ही वेळा एकच आलं. चौथ्यांदा मोजायला बसल्या आणि भीतीच वाटली. वेगळं आलं तर? रेघ निघायच्या आधीच त्यांनी यंत्र बंद करून टाकलं. घरी आल्या आणि म्हणाल्या, झालं मोजून."

हे सरांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घरी सरांनीच दार उघडलं होतं. बाईंनी "झालं" म्हटलेलं त्यांना आठवत होतं. चेहराही आठवत होता. तो आनंदाचा चेहरा आहे, असं ते पस्तीस वर्षं समजत होते.

"त्यांनी त्यांच्या मिस्टरांना का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं. "ते तर त्याच कामात होते."

"छे!" बाई म्हणाल्या. "त्यांना कसं सांगणार? तो माणूस तस्साच उठून पुन्हा मोजायला गेला असता. जेवलाही नसता."

सरांना हसू आलं. आधी नुसतंच नाकातून, मग आवाज फुटून, मग त्यांना आवरेना. आतल्या खोलीत मिस्त्री आणि शंका एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. या गृहस्थांना एवढं हसायला काय झालं ते त्यांना कळलं नाही. पण माणूस हसतोय आणि आपण गप्प बसावं हे बरं दिसत नाही, म्हणून त्याही हसायला लागल्या.